मोटर मीच भरते

आज सकाळी साडेनऊलाच खिडकीच्या जाळीचा हाताला चटका बसला. असा चटका बसायला लागला की मी चहाचा कप बाजूला ठेवते आणि फोनवर एक यादी उघडते. काल दिवसभरात कोणी काय शोधलं आणि त्याला आमची जाहिरात दिसली, ते सगळं त्या यादीत असतं. आमच्या कामात तिला सर्च टर्म्सचा रिपोर्ट म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण आत अख्खं तापीखोरं बोलत असतं. ‘मोटर जळाली बुऱ्हाणपूर.’ ‘पानी की मोटर गुर्र गुर्र करती है उठाती नहीं.’ ‘मोटर भरणारा जवळ.’ कुणी ‘मोटर’चं ‘मोतर’ केलेलं असतं, कुणी बुऱ्हाणपुरातला ‘ह’ गाळलेला असतो. ज्याला टाइप करता येत नाही तो फोनच्या तोंडाशी बोलतो, आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं यादीत उतरतं: ‘अरे यार मोटर जल गई अब कौन बनाएगा.’

हे वाचताना मला तो माणूस दिसतो. विहिरीच्या काठावर उभा, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने उन्हासाठी कपाळावर आडोसा. मागे घड लागलेली केळीची बाग. मे महिन्यात केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. गरम वारा पानांच्या चिंध्या करतो, घडावर ऊन लागू नये म्हणून वाळलेली पानं झाकून ठेवावी लागतात, आणि दोनचार दिवस पाणी तुटलं तर घडाच्या वजनाने खोड कमरेतून मोडतं. त्याला वेळ नसतो. तो फोनला जे विचारतो ते अगदी मनातलं असतं.

हे मला एका उन्हाळ्याने शिकवलं. त्याआधी मला वाटायचं की मला सगळं येतं.

लग्न होऊन रावेरहून बुऱ्हाणपूरला आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रावेर इथून तासाभरावर, पण मध्ये राज्याची हद्द. इकडे पाट्या हिंदी, घरात मराठी, आणि बाजारात ज्याला जे सुचेल ते. त्या वर्षांत सगळंच एकमेकांना जोडलं जात होतं. स्वस्त इंटरनेट बांधापर्यंत आलं होतं आणि हद्दीपलीकडचा माणूस अलीकडचं दुकान फोनवर शोधायला लागला होता. लग्नाआधी तीन वर्षं मी जळगावच्या एका छोट्या ऑफिसात सर्चवरच्या जाहिरातींचं काम करत होते. दवाखाने, क्लासेस, फर्निचरवाले. इथे आल्यावर ते काम कुणाला समजावून सांगता आलं नाही. “सुनबाई घरात बसून फोन खेळते,” एवढंच गल्लीत ठरलं.

माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. मेन रोडवर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं आणि पाटीवर त्यांचंच नाव होतं, ‘अण्णा मोटर’. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, तिचे आटे, म्हणजे वेढे, मोजायचे आणि नव्या तांब्याच्या तारेने तितकेच आटे पुन्हा भरायचे, असं ते काम. त्यांची मोठी मुलगी, म्हणजे माझी नणंद वंदनाताई, बारावीनंतर त्यांच्या हाताखाली बसली ती उठलीच नाही. लग्न केलं नाही. वीस वर्षं दुकानाच्या आतल्या खोलीत पडद्यामागे तिने मोटरी भरल्या. बाहेर गिऱ्हाइकाशी अण्णा बोलायचे.

मग अण्णांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, नंतर तार धरवेना. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचे धाकटे भाऊ मधूकाका दुकानात येऊन बसले. माझा नवरा प्रकाश नेपानगरला नोकरीला होता, सकाळच्या गाडीने जायचा. त्याला त्या कामातलं काही येत नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता.

“पाटी तीच राहील,” मधूकाका म्हणाले. मी त्या दिवशी दुकानात डबा घेऊन गेले होते. “नाव चालतं अण्णांचं.”

“आणि मी?” ताईने विचारलं.

“तू भर ना आत मोटरी. कोण नको म्हणतं? गल्ल्यावर मी बसतो. आता गिऱ्हाइकासमोर बाई पाना घेऊन उभी राहिली तर लोक म्हणतील, या घरात माणूस उरला नाही.”

ताईने हातातली तार खाली ठेवली. चिंधीला हात पुसले. कॉइल गुंडाळायचा लाकडी फर्मा, बांबूच्या पट्ट्या, टेस्टिंगचा दिवा, सगळं एका गोणपाटात भरलं. दारात वळून म्हणाली, “आत वीस वर्षं भरल्या, काका. आता बाहेर भरीन.”

बाहेर म्हणजे आमच्या घरामागची पत्र्याची शेड. शनवारा भागातली आमची गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर माणसाने ओट्यावर चढायचं. तिथे कोण मोटर घेऊन येणार? पंधरा दिवस कोणी आलं नाही. ताई रोज सकाळी शेड झाडायची, दिवा लावून बघायची, बसायची. दुपारी पत्रा तडतडायचा आणि आतली हवा पातळ होऊन हलताना दिसायची. येणारीजाणारी बाई डोकावून म्हणायची, “वंदा, शिवणकाम घे ना, बरं पडेल.” ताई म्हणायची, “सुई माझ्या हातात टिकत नाही.” असं म्हणताना ती हसायची. मला ते हसू बघवायचं नाही.

शेवटी मीच म्हटलं, “ताई, रस्ता आपल्याकडे नाही. पण लोक आता रस्त्यावर शोधतच नाहीत. फोनवर शोधतात. तिथे जागा घेऊ.”

ती माझ्याकडे वळली. “तुझं ते फोनचं काम?”

“तेच.”

“कर. बिघडलं तर उघडून पुन्हा भरू.”

मी मोठ्या थाटात कामाला लागले. जळगावला शिकले होते तसंच सगळं केलं. व्यावसायिक मोटर रिवाइंडिंग सेवा, दर्जेदार काम, अनुभवी कारागीर. त्याच धर्तीचे इंग्रजी शब्द निवडले, जाहिरात चालू केली आणि दोन दिवस फोनकडे बघत बसले. जाहिरातीवर बोटं पडत होती, पण फोन वाजत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी ती यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. आयटीआयचा कोर्स शोधणारे आले होते. मोटरसायकल विकत घेणारे आले होते. विज्ञान प्रदर्शनासाठी खेळण्यातली मोटर हवी असलेली शाळेतली पोरं आली होती. वाइंडिंगची नोकरी हवी असलेला एक जण पार दक्षिणेतून आला होता, कारण मी प्रदेश निवडतानाही हात ढिला सोडला होता. बाग वाळत असलेला एकही माणूस त्यात नव्हता.

मी ताईला जाहिरात वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, “मीना, शेतकरी असा बोलतो का?”

“मग कसा बोलतो?”

“पडद्यामागे वीस वर्षं काय केलं मी? ऐकत होते.” आणि ती सांगायला लागली. मोटर गुरगुरते, उचलत नाही. मोटर करंट मारते. धूर निघाला. वास आला. पाणी कमी फेकते. फेज उडाली तेव्हापासून बंद आहे. “‘वाइंडिंग’ हा शब्द आपला, दुकानदाराचा. त्याची मोटर जळते. तो ती भरायला आणतो.”

मी वही आणली. त्या दुपारी आम्ही शेडमध्ये ओला पडदा लावून बसलो. थोड्या वेळाने अण्णा काठी टेकत आले. दुकान गेल्यापासून ते घरात फारसे बोलत नव्हते. त्यांनी आमचं ऐकलं आणि एकदम म्हणाले, “नेपानगरकडचे ‘फुंक गई’ म्हणतात. लिही. आणि रावेरकडचे काय म्हणतात, हे तुले माहीत पाहिजे.”

“जयली म्हणतात, अण्णा.”

“मग लिही ना. तुझ्याच माहेरचे लोक सोडून राहिली काय?”

तीन भाषांत पानं भरत गेली. अण्णा एकेका गिऱ्हाइकाची नक्कल करत होते, हात थरथरत होते आणि डोळे मात्र चाळीस वर्षांपूर्वीचे झाले होते. मग मी त्यांना सांगितलं की नको असलेल्या शब्दांचीही यादी करायची असते. कोर्स, नोकरी, खेळणं, सायकल, फुकट, फोटो. या शब्दांवर जाहिरात दाखवूच नको, असं सांगून ठेवता येतं. अण्णा खूश झाले. “म्हणजे दुकानात कोणाले येऊ द्यायचं नाही, हेही ठरवता येते? मले हे आधी का नाही सांगितलं कोणी!”

बाकीचं ताईच्या प्रश्नांनी ठरलं. तिला माझ्या धंद्याचा एकही शब्द येत नव्हता, म्हणून तिचे प्रश्न सरळ असायचे. “किती लांबचा माणूस मोटर घेऊन येईल?” ट्रॅक्टरने तासाभरात येईल तो. म्हणून नकाशावर शहराभोवती एक गोल काढला. चांदनी, नेपानगर आत आलं. हद्दीपलीकडचं रावेर आत येतंय की नाही ते मी दोनदा तपासलं. “मोटर जळते केव्हा?” थ्री फेज लाईट येते तेव्हा. मग लाईटच्या पाळीप्रमाणे जाहिरातीच्या वेळा लावल्या. “विहिरीवर उभा माणूस वाचत बसेल का?” नाही. म्हणून दाबलं की थेट फोन लागेल असं बटण ठेवलं. आणि ज्याला बघायचंच आहे त्याच्यासाठी एकच पान, बांधावरच्या तुटक्या नेटवर्कातही चटकन उघडेल इतकं हलकं. त्यावर पत्ता, गल्लीच्या तोंडापासून शेडपर्यंतच्या खुणा आणि एक फोटो.

फोटोवरून घरात वाद झाला. प्रकाश म्हणाला, “मोटरचा फोटो टाका. ताईचा कशाला? नावही नुसतं ‘व्ही. मोटर’ ठेवा. आधी लोक येऊ तर द्या.” त्याचा हेतू वाईट नव्हता. मलाही क्षणभर तेच शहाणपणाचं वाटलं.

ताई म्हणाली, “पडदाच पुन्हा लावायचा असेल, तर दुकानात काय वाईट होतं?”

मथळ्यात जेमतेम तीस अक्षरं बसतात. आम्ही बोटांवर मोजून बसवली. वरती ‘अण्णांची मुलगी वंदना’. खाली ‘मोटर मीच भरते’. आणि ताईच्या आग्रहाने आणखी एक ओळ, ‘मेन रोडच्या दुकानाशी संबंध नाही’. मी म्हटलं, ही ओळ उगीच जागा खाते. ती म्हणाली, “फसून आलेलं गिऱ्हाईक मला नको.”

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी सकाळी वाजला. चांदनीजवळचा हिरालाल नावाचा केळी करणारा. ताईने स्पीकर लावला.

“मिस्तरी को फोन दो.”

“बोलिए, मीच.”

मग मराठीत, “ताई, मोटर जळाली. विहिरीवरची. मेन रोडवर चार दिवस सांगून राहिले. माझे घड उभे आहेत. भरणारा माणूस कोण आहे तुमच्याकडे?”

“माणूस नाही. मी आहे. आता आणली तर उद्या दुपारी चालू करून देईन. आणायची की नाही ते तुम्ही ठरवा.”

तो आला. गल्लीत ट्रॅक्टर शिरत नव्हता, म्हणून मोटर हातगाडीवर घालून ओढत आणली. शेडच्या दारात थांबून त्याने आत पाहिलं, मागे पाहिलं, मग पुन्हा आत. त्याला अजून कोणीतरी बाहेर येईल असं वाटत होतं. ताईने मोटर उघडली, जळकी तार छिन्नीने कापून उपसली, आटे मोजायला सुरुवात केली. तिने मोजताना कुणाशी बोलायचं नसतं. हिरालाल दारातच उभा होता. नंतर कधीतरी तो खाली बसला.

दुपारभर ती फर्म्यावर तार गुंडाळत होती. खाचांत कागद बसवायचा, त्यावर तार, बांबूच्या पट्टीने हलकेच दाबायची. तार खरचटली तर सगळं पुन्हा. घाम डोळ्यांत जात होता आणि हात गुंतलेले, म्हणून मी पदराने तिचं कपाळ टिपत होते. संध्याकाळी वार्निश दिलं. दुसऱ्या दिवशी मोटर उन्हात ठेवली. ज्या उन्हाने बाग जाळायला काढली होती त्याच उन्हात तांबं सुकत होतं, आणि मी पहिल्यांदाच त्या उन्हाला शिव्या दिल्या नाहीत.

आम्ही दोघी मोटरीबरोबर ट्रॉलीतून चांदनीला गेलो. लाईट यायला वेळ होता. विहिरीच्या काठावर ताईने जोडणी केली, स्टार्टरजवळ उभी राहिली. शेजारच्या शेतातले चारपाच जण जमले होते. बाई काय करते ते बघायला आलेत हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. लाईट आली. ताईने हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली. मग आवाज सुटा झाला, पाइप थरारला, आधी हवा फुसफुसली आणि गढूळ पाण्याचा एक लोट बाहेर आदळला. मागोमाग स्वच्छ पाणी.

हिरालालने आभार मानले नाहीत. तो चपला काढून पाण्यात उभा राहिला. तिथूनच म्हणाला, “सोयऱ्याला नंबर देऊ का?”

“द्या,” ताई म्हणाली. “पण बाई आहे म्हणून सांगून द्या. दारात येऊन मागे फिरणारा नको.”

त्यानंतर फोन येत गेले. प्रत्येकाला मी विचारायचे, नंबर कुठे मिळाला? सोयऱ्याकडून की फोनवर? काय शोधलं होतं? उत्तर वहीत लिहायचे आणि नवीन शब्द जाहिरातीत घालायचे. शेडमध्ये चार मोटरी झाल्या की ताई म्हणायची, “बंद कर तुझी जाहिरात.” मला ते जड जायचं. चालती जाहिरात कोण बंद करतं? पण तिचं म्हणणं पक्कं होतं. चार दिवस थांबायला सांगायचं तर मेन रोडमध्ये आणि आपल्यात फरक काय? जळगावच्या ऑफिसात हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी मधूकाका गल्लीत शिरले. हातात फोन, चेहरा लाल.

“माझ्या दुकानाचं नाव टाकलं की हिचा नंबर दिसतो!” ते ओरडले. “अण्णा मोटर शोधलं की वंदना वर! ही चोरी आहे. उद्या बंद झालं पाहिजे.”

हे शब्द मीच घातले होते. लोक अण्णांना अण्णांच्या नावानेच शोधत होते, आणि मी खूप विचार करून ते नाव यादीत लिहिलं होतं. काढून टाकते, असं ओठावर आलंसुद्धा.

खाटेवरून अण्णा उठले. काठी न घेता. दोन्ही हात थरथरत होते, त्यांनी ते लपवले नाहीत.

“मधू, नाव कोणाचं आहे?”

“दुकानाचं.”

“माझं आहे. आईबापांनी ठेवलेलं नसलं तरी या गावाने मले दिलेलं. तुले दुकान दिलं, पाटी दिली. नाव दिलं नव्हतं.” ते थांबले, दम घेतला. “माझा हात कुठे गेला असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? तो हिच्याकडे आहे. हे मी वीस वर्षं पडद्याआड ठेवलं, आणखी ठेवलं असतं तरी चाललं असतं, असं मले वाटायचं. चूक माझी आहे. ती आता फोनवर सगळ्यांना दिसू दे.”

मधूकाकांनी ताईकडे पाहिलं. ती एका मोटरीचे आटे मोजत होती. मोजताना तिने कुणाशी बोलायचं नसतं. काका आल्या वाटेने परत गेले. त्यांचं दुकान आजही आहे. चांगलं चालतं. येताजाता भेटलो तर नमस्कार होतो, त्याहून जास्त काही नाही.

तो उन्हाळा असा सरला. नंतरच्या वर्षांत गल्लीच्या तोंडाशी एक मोठी शेड घेतली, तिथे ट्रॅक्टर येतो. अण्णा गेले. मी आता आणखी दहाबारा जणांच्या जाहिराती बघते, यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्यांपासून केळीची रोपं करणाऱ्यांपर्यंत, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारते: तुमचं गिऱ्हाईक घरी कसं बोलतं ते सांगा. लोकांना वाटतं त्यांना काही गुप्त हत्यार मिळेल. मी त्यांना वही देते. काही जण नाराज होतात.

गेल्या आठवड्यात नकाशावरच्या आमच्या नोंदीखाली कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं. त्याने आमच्याकडे मोटर कधी आणली नव्हती, नाव ओळखीचं नव्हतं. लिहिलं होतं, ‘यहाँ लेडीज मोटर बनाती है. सोच के जाना.’

माझा पारा चढला. खोटी तक्रार आहे, काढून टाकायचा अर्ज करता येतो, मी अर्ज भरायलाही घेतला. ताई पन्नाशीच्या जवळ आली आहे, चष्मा लागला आहे. तिने माझ्या हातातून फोन घेतला, लांब धरून दोनदा वाचलं.

“यात खोटं काय आहे?” तिने विचारलं.

मग खाली उत्तराची जागा दाखव म्हणाली, आणि वार्निशने चिकट झालेल्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच लिहिलं:

‘हाँ, लेडीज बनाती है. सोच के आना. मोटर लेके आना.’